कडक ऊन म्हणजे जास्त वीज?

"जितकी उष्णता जास्त, तितकी सोलर पॅनलची वीज जास्त" हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. गैरसमज साहजिक आहे. गच्चीवरचा सोलर बंब उष्णतेवरच चालतो ना! पॅनलला मात्र उजेड लागतो, उष्णता उलट बाधते.

पॅनलवर छापलेले वॅट 25 अंश तापमानाला मोजलेले असतात. त्यापुढे दर अंशाला साधारण 0.3 ते 0.4 टक्के वीज घटते. विदर्भातल्या मे महिन्यात पॅनल 65 अंशांपर्यंत तापलं, तर 40 अंश जास्त, म्हणजे 12 ते 16 टक्के घट.

पडताळायचंय? पॅनलच्या माहितीपत्रकात वॅटचा तापमान गुणांक, म्हणजे दर अंशाला वीज किती टक्के बदलते तो आकडा बघा, उणे चिन्हासकट दिलेला असतो. पॅनल छपरापासून वर उचलून बसवतात, तेही खालून वारा खेळावा म्हणून.