दांडग्या कुत्र्यासाठी चामड्याचा पट्टा घेण्याआधी

आमच्याकडे दुरुस्तीला येणारे पट्टे चामड्यात तुटलेले क्वचितच असतात. वाकून तोंड उघडलेली डी-कडी (दोरी अडकवायची D आकाराची कडी), मोडलेलं बकल, कडीशेजारी उसवलेली शिवण, हेच नेहमीचं दुखणं. तरी नवा पट्टा हातात घेतला की बहुतेक जण आधी चामडं दाबून बघतात आणि मग रंग. म्हणून या पत्रकात आम्ही उलटीकडून सुरुवात करतो आहोत: आधी लोखंडी-पितळी भाग, मग शिवण, मग चामडं.

पट्ट्याला किती सोसावं लागतं, त्याचा एक हिशेब करून बघा. ४० किलोचा कुत्रा मांजर दिसताच सुटला आणि त्याने सेकंदाला ५ मीटर, म्हणजे ताशी १८ किलोमीटर वेग घेतला. दोरी संपली, तुमचा हात पुढे ओढला गेला आणि कुत्रा २५ सेंटीमीटरमध्ये थांबला. या हिसक्यात पट्ट्यावर सरासरी २००० न्यूटन ताण येतो, म्हणजे साधारण २०० किलोचं ओझं टांगल्यासारखा. तीच दोरी खांबाला बांधलेली असेल आणि कुत्रा १० सेंटीमीटरमध्येच अडला, तर आकडा ५०० किलोच्या घरात जातो. कुत्रा रोज कितीही शहाण्यासारखा चालत असला, तरी पट्टा निवडायचा तो या एका हिसक्यासाठी.

कडी आणि बकल

डी-कडीचा सांधा शोधा. नुसती तार वाकवून टोकं जुळवलेली असतील, तर मध्ये केसाएवढी फट दिसते किंवा नखाला लागते. अशी कडी जोराच्या हिसक्याला हळूहळू तोंड उघडते, आणि एक दिवस दोरीच्या टोकाला काहीच उरत नाही. सांधा वितळवून जोडलेला किंवा कडी अखंड ओतलेली हवी. दांडग्या कुत्र्याला किमान ४ मिलिमीटर जाडीची कडी असावी. ५ असेल तर आणखी बरं.

धातू भरीव पितळ किंवा स्टेनलेस स्टील असावा. बाजारातली पुष्कळशी चकचकीत बकलं जस्ताच्या मिश्रधातूची असतात, वरून निकेलचा मुलामा. ती वाकत नाहीत, कट्कन मोडतात, तीही बहुधा भोकात जाणाऱ्या काट्याच्या मुळाशी. मागच्या बाजूला, दिसणार नाही अशा जागी सुईने ओरखडा काढून बघा. आतून पिवळं निघालं तर पितळ, मुलाम्याखाली राखाडी निघालं तर ठेवून द्या. लोहचुंबकावर फार भरवसा ठेवू नका. मुलामा दिलेलं लोखंड त्याला चिकटतं खरं, पण जस्तही चिकटत नाही आणि पितळही नाही.

दोन काट्यांचं बकल रुबाबदार दिसतं, ४० मिलिमीटरच्या पट्ट्यावर शोभतंही. पण त्यासाठी भोकांच्या दोन रांगा पाडाव्या लागतात आणि तेवढं चामडं कमी होतं. अरुंद पट्ट्यावर एकच जाड काटा चांगला. टोकदार खिळ्यांच्या नक्षीचंही तेच. आम्ही ती करून देतो, पण प्रत्येक खिळ्यामागे एक भोक असतं, हे सांगूनच.

शिवण

हाताची दोन सुयांची शिवण आणि मशीनची शिवण दिसायला सारखी असली तरी वागायला वेगळी. हातशिवणीत एकच दोरा दोन्ही टोकांनी प्रत्येक भोकातून आरपार जातो. एक टाका झिजून तुटला तरी शेजारचे धरून राहतात. मशीनच्या शिवणीत वरचा आणि खालचा दोरा मध्ये नुसते एकमेकांत अडकलेले असतात. एक झिजला की तिथून ओळीने सुटायला लागतं. म्हणून मशीनची शिवण टाकाऊ ठरत नाही. दोरा जाड नायलॉनचा किंवा पॉलिएस्टरचा असेल, चामड्यात खाचेत बसवलेला असेल आणि कडीच्या दोन्ही अंगांना आडवे टाके असतील, तर ती वर्षानुवर्षं टिकते. फार दाट टाक्यांवर मात्र भुलू नका. भोकंच भोकं पडली की चामडं तिकिटासारखं त्या रेघेवर फाटतं.

रिव्हेट, म्हणजे ठोकून बसवलेले खिळे, असतील तर भरीव तांब्याचे. पोकळ नळीचे रिव्हेट ओढ बसली की निसटतात.

चामडं

पट्ट्याची कड बघा. वरच्या पृष्ठभागापेक्षा ती जास्त खरं सांगते. एकसंध चामड्यात वरपासून खालपर्यंत तंतूंची सलग वीण दिसते. चुऱ्याला गोंद लावून दाबलेल्या मालाची कड पापुद्र्यांसारखी असते, नखाने खरवडली तर भुसा निघतो. वर जाड रंगाचा थर देऊन हे सगळं झाकलेलं असतं. पट्टा वरची बाजू बाहेर ठेवून वाकवा. रंगाला तडे गेले तर ते चामडं नव्हे, त्यावरचं प्लॅस्टिक आहे.

ताकदवान कुत्र्याला साल-फळांतल्या टॅनिनने कमावलेलं, वरचा थर न घासलेलं, जनावराच्या पाठीचं चामडं हवं. पोटाकडचं सैल असतं, ओढ बसली की लांबतं. क्रोमने कमावलेलं मऊ असतं, पाण्याला जास्त दाद देत नाही, पण ताणलं जातं. ते अस्तराला उत्तम. जाडी साडेतीन ते साडेचार मिलिमीटर पुरे. रुंदी २५ किलोच्या पुढच्या कुत्र्याला ३० ते ४० मिलिमीटर. त्याहून रुंद पट्टा आखूड मानेच्या कुत्र्याच्या जबड्याखाली घासतो, तेव्हा उगाच हौस करू नका. पांढऱ्या केसांच्या कुत्र्याला गडद रंगाचा पट्टा घालण्याआधी ओला पांढरा फडका त्यावर घासून बघा, नाहीतर पहिल्याच पावसात मानेभोवती तपकिरी वळं उमटतं.

माप

टेप मानेच्या मध्यावर, पट्टा प्रत्यक्ष बसतो तिथे धरा आणि खाली दोन बोटं आडवी सरकतील एवढी जागा ठेवा. पाच भोकांच्या पट्ट्यात हे माप मधल्या भोकावर यायला हवं, कारण नवं चामडं थोडं सैलावतं. जुना पट्टा मोजणार असाल तर बकलच्या ज्या दांडीवर काटा टेकतो तिथपासून वापरातल्या भोकापर्यंत मोजा. टोकापासून टोकापर्यंत नको. ज्यांचं डोकं मानेपेक्षा अरुंद, त्या ग्रेहाउंडसारख्या कुत्र्यांना बकलचा साधा पट्टा देऊच नका. असा कुत्रा मागे सरकून क्षणात डोकं काढून घेतो. त्यांना ओढ बसली की मर्यादेपुरता आवळणारा मार्टिंगेल पट्टा घ्या.

कितीही भक्कम पट्टा घेतला तरी ओढण्याची सवय त्याने जात नाही, आणि सगळी ओढ मानेवर येते. ओढताना डोळ्यांतला दाबही वाढतो. चपट्या तोंडाच्या जाती, श्वासनलिकेचा किंवा काचबिंदूचा त्रास असलेले कुत्रे यांना फिरवताना छातीचा हार्नेस घाला; पट्टा ओळखबिल्ल्यापुरता राहू द्या.

निगा

भिजला तर फडक्याने टिपून सावलीत वाळवा. उन्हात किंवा हेअर ड्रायरखाली वाळवलेलं चामडं कडक होऊन चिरतं. समुद्रात डुंबून आला असेल तर आधी गोड्या पाण्याने मीठ धुऊन काढा. तेल बेताने: बोटाला लागेल एवढंच, आणि चामडं कोरडं वाटेल तेव्हाच. दर आठवड्याला तेल चोपडून पट्टा मऊ, लांब आणि लिबलिबीत करून आणणारी प्रेमळ माणसं आम्हाला नेहमी भेटतात. बुरशी आली तर घराबाहेर नेऊन पुसा आणि वारा लागू द्या.

महिन्यातून एकदा कडीच्या आतली बाजू तपासा. तिथे धातू धातूवर घासून खाच पडते. भोक लांबट झालं असेल किंवा भोकाच्या कडेपासून बारीक चीर निघाली असेल, तर तो पट्टा निवृत्त करा. सुटलेली शिवण किंवा झिजलेली कडी मात्र आम्ही बदलून देतो.

नवा पट्टा सांगताना मानेचं माप, कुत्र्याचं वजन आणि डोक्याचा सर्वांत रुंद घेर, एवढं कळवा. कुत्रा मोठ्या जातीचा आणि दीड वर्षाच्या आतला असेल तर तेही लिहा. त्याची मान अजून भरायची असते, आणि तशा पट्ट्याला आम्ही दोन भोकं जास्तीची पाडतो.