तोफ हलकी झाली, गोळ्याचं काय?

सीताबर्डीच्या दोन टेकड्या नागपूरकरांच्या रोजच्या वाटेवरच्या. २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ ला इथंच अप्पासाहेब भोसल्यांची फौज ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेला भिडली. दुसऱ्या दिवशी भोसल्यांच्या अरब सैनिकांनी लहान टेकडी ताब्यात घेतली, तिथली तोफ फिरवली आणि मोठ्या टेकडीवर मारा सुरू केला. पुढं निकाल उलटा लागला, पण त्या घटकेला कंपनीची फौज पुरती कोंडीत सापडली होती. तोफ काही फार मोठी नव्हती. ती नेमक्या उंचीवर होती, एवढंच. डोंगरात लढणाऱ्या हलक्या दलांची निकड आजही तीच आहे. तोफेचा पल्ला नंतर, आधी ती तिथवर पोचली पाहिजे.

ओढून न्यायच्या तोफांचा गेल्या चाळीस वर्षांचा प्रवास मात्र जडपणाकडे झाला. १९८६ च्या करारानं ४१० बोफोर्स तोफा आल्या, एकेक सुमारे १२ टनांची. कारगिलमध्ये त्यांनी काय कामगिरी केली ते सगळ्यांना माहीत आहे. त्याच घराण्यातली, जबलपूरला बनणारी धनुष सुमारे १३ टनांची आहे. डीआरडीओच्या पुण्यातल्या प्रयोगशाळेनं आखलेली अटॅग्ज ही लांब नळीची तोफ ४८ किलोमीटरपर्यंत मारा करते, पण वजन सुमारे १८ टन. मार्च २०२५ मध्ये अशा ३०७ तोफांचा करार झाला. राजस्थानात, पंजाबात ती उत्तमच आहे. पण चिनूक हेलिकॉप्टर साधारण १० टन उचलतं, तेही मैदानी प्रदेशात. विरळ हवेत त्याची ताकद आणखी घटते.

म्हणून नोव्हेंबर २०१६ मध्ये भारतानं १४५ एम-७७७ तोफा मागवल्या. तोंड तेच, १५५ मिलिमीटरचं. वजन फक्त ४.२ टन. २०१९ मध्ये चिनूक हवाई दलात आलं आणि ही तोफ खाली टांगून डोंगरापलीकडं नेता येऊ लागली.

बाराचे चार टन करणं वाटतं तितकं सोपं नाही, कारण आडवा येतो तो धक्का. १५५ मिमीचा गोळा सुमारे ४३ किलोचा असतो आणि मोठ्या चार्जला, म्हणजे गोळा ढकलणाऱ्या दारूच्या मोठ्या मात्रेला, तो सेकंदाला ८०० मीटरच्या वेगानं बाहेर पडतो. तो पुढं जाताना तोफेला तितक्याच संवेगानं मागं ढकलतो. आता समजा तोफ गुळगुळीत बर्फावर मोकळी उभी आहे. १२ टनांची तोफ ताशी सुमारे १० किलोमीटर वेगानं मागं सरकेल, ४.२ टनांची ताशी ३० किलोमीटर वेगानं. जिरवावी लागणारी ऊर्जा जवळपास तिप्पट. त्यात गोळ्यामागून सुटणाऱ्या तप्त वायूचा धक्का आणखी वेगळा, तो या हिशेबात धरलेलाच नाही.

नळी मागं सरकू द्यायची, तेल आणि दाबलेल्या हवेच्या नळकांड्यांनी तिला हळूहळू अडवायचं आणि परत जागेवर आणायचं, ही युक्ती १८९७ च्या फ्रेंच ७५ मिमी तोफेपासून रुळलेली आहे. क्रिकेटचा चेंडू झेलताना आपण हात मागं घेतो, तसंच. हलक्या तोफेला तेवढं पुरत नाही. एम-७७७ मध्ये नळी जमिनीलगत बसवली आहे, त्यामुळं धक्का तोफेला उलथवण्याऐवजी मागं ढकलतो. चारही पाय लांब पसरतात आणि मागच्या पायांची फाळं प्रत्येक गोळ्यागणिक जमिनीत घट्ट रुततात. नळीच्या तोंडावरचा मझल ब्रेक वायूचा काही भाग बाजूला वळवून धक्का कमी करतो. गाडीला जोडायची कडीही त्याच टोकाला आहे. ही तोफ तोंडाकडून ओढली जाते आणि ओढायचा वेगळा लांब दांडा वाचतो. डिझायनरनं किलोकिलोसाठी किती जीव टाकलाय ते अशा ठिकाणी दिसतं.

सांगाड्यातला बराचसा भाग टायटॅनियमच्या मिश्रधातूचा आहे. टायटॅनियमची घनता पोलादाच्या सहा दशांशाहून कमी, ताकद मात्र पोलादाच्या तोडीची. अडचण जोडकामाची. तापलेलं टायटॅनियम हवेतला ऑक्सिजन शोषून ठिसूळ होतं, म्हणून त्याचं वेल्डिंग आरगॉन वायूच्या आवरणात करावं लागतं. नळी अर्थातच पोलादी. तो दाब, तो ताप आणि ती झीज पोलादानंच सोसावी.

याहून पुढची एक कल्पना मला फार आवडते. नळी मागं ओढून धरायची, सोडायची आणि ती पुढं धावत असतानाच गोळा डागायचा. धक्क्याचा मोठा वाटा ती पुढची धाव थांबवण्यातच खर्च होतो. या सॉफ्ट रिकॉइलमुळं १०५ मिमीची तोफ छोट्या चारचाकी गाडीवरूनही डागता येते. अमेरिकेची हॉकआय तशीच आहे.

इथवर तोफ हलकी झाली. पण गोळा? त्याचं वजन टायटॅनियमनं कमी होत नाही, कारण पोलादी कवच आणि आतलं स्फोटक हेच त्याचं काम. ही गोष्ट विदर्भाला चांगली ठाऊक असायला हवी. अमरावती रोडवर ज्या परिसराला सगळे नुसतं ‘डिफेन्स’ म्हणतात, त्या अंबाझरीच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत गोळ्यांची कवचं घडतात. १ ऑक्टोबर २०२१ पासून हा कारखाना यंत्र इंडिया लिमिटेडकडं आहे आणि कंपनीचं मुख्यालयही नागपुरातच आहे. भंडाऱ्याला स्फोटकं बनतात, चांद्याच्या कारखान्यात गोळे भरले जातात, पुलगावला दारूगोळ्याचं केंद्रीय कोठार आहे.

गोळ्याचं कवच असं घडतं. पोलादाचा ठोकळा लालबुंद होईतो तापवतात, मधोमध भोक पाडून ओढून लांब करतात, मग तोंड आवळून निमुळतं करतात. बुडाजवळच्या खाचेत तांब्यासारख्या मऊ धातूचं कडं दाबून बसवतात. हे कडं नळीतल्या पिळाच्या खाचांत रुतलं की गोळा गरगर फिरू लागतो आणि हवेत नाक पुढं ठेवून जातो. इतकं करूनही दोन गोळ्यांच्या वजनात थोडा फरक राहतोच. तो तोफ डागणाऱ्याला कळावा म्हणून नाटो पद्धतीच्या गोळ्यांवर छोटे चौकोन रंगवतात. चौकोन जास्त, गोळा जड.

आता हिशेब करा. १०० गोळ्यांचं वजन होतं ४.३ टन, म्हणजे अख्ख्या एम-७७७ पेक्षा जास्त. चार्ज आणि गोळा फोडणारे फ्यूज वेगळे. तोफ हेलिकॉप्टरच्या एका फेरीत शिखरावर जाईल, तिला खाऊ घालायला फेऱ्यांवर फेऱ्या होतील. म्हणून माझ्या मते हलक्या तोफखान्यात वजन कमी करण्याचं खरं साधन टायटॅनियम नव्हेच, अचूकता आहे. लहान लक्ष्याभोवती पडणाऱ्या गोळ्यांची पांगापांग निम्मी केली, तर तेच काम साधारण चौथाई गोळ्यांत होतं. हेलिकॉप्टरच्या चारांतल्या तीन फेऱ्या वाचल्या.

अचूकता बिघडते कशानं? आधी दिशेनं. एका अंशाची चूक झाली तर २० किलोमीटरवर गोळा ३५० मीटर बाजूला पडतो. पूर्वी तोफेला दिशा द्यायला मोजणी करणारी माणसं, डायरेक्टर हे कोन मोजायचं यंत्र, रोवलेल्या खुणेच्या काठ्या आणि डायल साइट ही तोफेवरची दुर्बीण असा पसारा लागायचा. आता नळीवर बसवलेलं जायरोस्कोपचं यंत्र तोफ कुठं आहे आणि नळी कुणीकडं रोखली आहे हे स्वतःच सांगतं.

मग गोळ्याचा वेग. सेकंदाला एक मीटर एवढासा फरक पडला, तरी वीसेक किलोमीटरवर गोळा वीस-तीस मीटर पुढं-मागं पडतो. नळी झिजते तसा वेग घटतो. चार्जचं तापमानही वेग बदलतं. माऱ्याची कोष्टकं सहसा २१ अंश सेल्सिअस धरून तयार करतात. आपल्या मे महिन्यातल्या ४५ अंशांत तापलेला चार्ज भराभर जळतो आणि गोळा कोष्टकापेक्षा पुढं जातो. तोच चार्ज लडाखच्या थंडीत मंद जळतो. पण तिथं ५,००० मीटरवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या सुमारे ६० टक्केच असते, म्हणून रोध घटून पल्ला उलट वाढतो. हे सगळं एकाच वेळी सांभाळायचं असतं. त्यासाठी नळीजवळचा छोटा रडार प्रत्येक गोळ्याचा वेग मोजतो आणि संगणक पुढचा कोन सुधारतो.

युक्रेनमध्ये ओढायच्या तोफांचं मोठं नुकसान झालं. डागलेल्या गोळ्याची वाट उलटी मोजून तोफेचा ठाव लावणारे रडार आता सगळीकडं आहेत. आपल्याकडं स्वाती आहे. वर ड्रोन घिरट्या घालतात. डागून लगेच हलायला ट्रकवरची तोफ बरी, हे सपाट प्रदेशात खरं आहे. पण रस्ता नसलेल्या कड्यावर ट्रक जात नाही, म्हणून ओढायच्या तोफेचा काळ संपला हे मला डोंगराबाबत पटत नाही. जीपीएसवर चालणारे महागडे गोळे सिग्नल जाम केल्यावर भरकटतात, हेही युक्रेनमध्येच दिसलं. जायरोला कुणी जाम करू शकत नाही.

आपल्याकडं १०५ मिमीची लाइट फील्ड गन आहे. वजन २.४ टनांच्या आत, पल्ला १७ किलोमीटर. गोळा १५-१६ किलोचा, म्हणजे एका फेरीत जवळपास तिप्पट नग. सगळा तोफखाना १५५ मिमीवर नेण्याचं धोरण १९९९ मध्ये ठरलं आणि या तोफा मागं पडल्या. अमेरिकेनं तिच्याच जातकुळीच्या एम-११९ ला २०१३ पासून डिजिटल साज चढवला. नळी तीच, पण मारा सुरू करायची तयारी सुमारे दहा मिनिटांवरून दोन-तीन मिनिटांवर आली. आपल्या लाइट फील्ड गनला असा जायरो, वेग मोजणारा रडार आणि स्क्रीन बसवायला नवी नळी लागत नाही, टायटॅनियमही लागत नाही. पहाडी ब्रिगेडसाठी हे काम आधी हाती घ्यावं.