मदरबोर्ड नवा, विंडोज जुनी: संगणक अडतो कुठे?

मदरबोर्ड, म्हणजे संगणकाचे सगळे भाग जोडणारा मुख्य बोर्ड, बदलल्यानंतर संगणक सुरू झाला नाही, की नाशिकच्या महात्मा गांधी रोडवर काय किंवा इतर कोठल्याही शहरातील दुरुस्तीच्या दुकानात काय, एक उपाय हमखास सुचवला जातो: ‘फॉरमॅट मारून टाकू’, म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्याने बसवू. सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतीतील ज्या छोट्या कारखानदाराच्या संगणकात अनेक वर्षांची ड्रॉइंग्ज आणि हिशेब साठलेले असतात, त्याला हा उपाय महागात पडतो. शिवाय बहुतेकदा त्याची गरजही नसते, कारण बिघाड डिस्कवरील माहितीत नसतोच. संगणक कोणत्या पायरीवर थांबला आहे हे ओळखले, तर काम पुष्कळ सोपे होते.

बटण दाबूनही पंखा हलत नसेल, तर प्रश्न विजेचा आहे. इंटेलने १९९५ साली आणलेल्या एटीएक्स या बोर्ड व वीजपुरवठ्याच्या प्रमाणित रचनेत कॅबिनेटवरील बटण वीजपुरवठा थेट जोडत नाही. ते मदरबोर्डवरील दोन पिना क्षणभर एकमेकींना जोडते. तो इशारा मिळाला की बोर्ड २४ पिनांच्या कनेक्टरमधील हिरव्या तारेचे व्होल्टेज शून्यावर आणतो आणि एसएमपीएस, म्हणजे वीजपुरवठ्याचा डबा, जागा होतो. हा इशारा ओळखण्यापुरती ५ व्होल्टची वीज बोर्डाला संगणक बंद असतानाही मिळत असते. म्हणूनच बोर्डावरचा बारीक दिवा लागतो, पण बटण चालत नाही, अशा वेळी पहिला संशय पुढच्या पॅनेलच्या वायरींवर घ्यावा. प्रत्येक बोर्डावर या पिनांची मांडणी सारखीच असेल असे नाही, त्यामुळे जुन्या बोर्डाच्या आठवणीवर विसंबण्यापेक्षा नव्याची पुस्तिका उघडलेली बरी.

पंखा एकदा फिरून लगेच थांबत असेल, तर शॉर्ट सर्किटची शक्यता पाहावी. कॅबिनेटच्या पत्र्यावर बोर्ड उचलून धरणारे पितळी स्टँडऑफ असतात. नव्या बोर्डाची भोके वेगळ्या जागी असली आणि जुना एखादा स्टँडऑफ तसाच राहिला, तर तो बोर्डाच्या मागील सोल्डरच्या टाक्यांना टेकतो आणि एसएमपीएस स्वसंरक्षणासाठी बंद पडतो. अशा वेळी बोर्ड बाहेर काढून त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवावा आणि प्रोसेसर, कूलर व एकच रॅम लावून चालवून पाहावा. बाहेर चालला, तर दोष कॅबिनेटमध्ये आहे. नाशिकच्या कोरड्या थंडीत हे काम करताना अंगावर साठणारी स्थिर वीज विसरू नये; सुटे भाग हाताळण्यापूर्वी आणि मधूनमधून कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावावा.

पंखे फिरतात पण डिस्प्ले येत नाही, ही दुसरी अवस्था. येथे सर्वाधिक विसरली जाते ती प्रोसेसरजवळची ४ किंवा ८ पिनांची स्वतंत्र १२ व्होल्टची जोडणी. त्यानंतर अर्धवट बसलेली रॅम तपासावी. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाअखेरीस ‘एफ’ असतो, त्यांत अंगभूत ग्राफिक्स नसते. त्यामुळे मॉनिटरची केबल बोर्डाला लावून चालत नाही, ती ग्राफिक्स कार्डालाच लावावी लागते. बोर्डावरील बायोस (संगणक सुरू करणारे चिपमधले सॉफ्टवेअर) प्रोसेसरपेक्षा जुने असेल, तर तो प्रोसेसर ओळखला न जाण्याची शक्यता असते. डीडीआर५ रॅम असलेले काही संगणक पहिल्यांदा सुरू होताना रॅमची जुळवणी करण्यात काही मिनिटे घेतात. तेवढ्यात वैतागून वीज बंद करणाऱ्याला बोर्ड खराब निघाला असे वाटते.

फॉरमॅटचा सल्ला मिळतो तो तिसऱ्या अवस्थेत: बोर्डाचे चिन्ह दिसते, बायोसमध्ये डिस्कही दिसते, पण विंडोज येत नाही. यूईएफआय या बायोसच्या नव्या पद्धतीत ‘विंडोज कोणत्या डिस्कवरील कोणत्या फाइलपासून सुरू करायची’ ही नोंद डिस्कवर नव्हे, तर मदरबोर्डच्या चिपमध्ये असते. बोर्ड बदलला की ती नोंद त्याच्यासोबत जाते. बहुतेक वेळा नवा बोर्ड ठरलेल्या पर्यायी जागी फाइल शोधून ती पुन्हा तयार करतो. तसे झाले नाही, तर विंडोजच्या इन्स्टॉलेशन पेनड्राइव्हमधील दुरुस्तीचा पर्याय वापरता येतो. जुनी विंडोज एमबीआर या जुन्या विभागणी-पद्धतीच्या डिस्कवर लेगसी, म्हणजे जुन्या बायोसच्या, मोडमध्ये बसवलेली असेल, तर केवळ यूईएफआय मानणारा बोर्ड तिच्याकडे पाहतसुद्धा नाही. काही बोर्डांत सीएसएम हा जुन्या पद्धतीला मुभा देणारा पर्याय चालू करून ती सुरू होते. ज्यांत तो नाही, तेथे डिस्क जीपीटी या विभागणीच्या नव्या पद्धतीत बदलावी लागते. विंडोज १० आणि ११ मध्ये त्यासाठी एमबीआर-टू-जीपीटी हे साधन आहे आणि ते माहिती न पुसता काम करते, तरी आधी बॅकअप घ्यावाच.

निळ्या पडद्यावर ‘इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस’ असा संदेश आला, तर डिस्क जोडण्याची पद्धत बदलली असण्याची शक्यता मोठी. जुन्या बोर्डावर एएचसीआय ही पद्धत होती आणि नव्यावर रेड (RAID) किंवा व्हीएमडी ही दुसरी पद्धत चालू आहे, एवढ्याने विंडोजला डिस्क चालवण्यासाठी आवश्यक ड्रायव्हर मिळत नाही. बायोसमध्ये जुनीच पद्धत निवडली, की तीच विंडोज अनेकदा काही मिनिटे नवे भाग ओळखत बसते आणि मग सरळ सुरू होते.

बिटलॉकर या विंडोजमधील डिस्क कूटबद्ध करण्याच्या सोयीचे मात्र आधीच पाहावे लागते. डिस्क कूटबद्ध असेल, तर तिची किल्ली सहसा जुन्या संगणकाच्या टीपीएम या किल्ल्या जपणाऱ्या सुरक्षा भागाशी बांधलेली असते आणि बोर्ड बदलल्यावर विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागते. ती अनेकदा मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. जुना बोर्ड चालू स्थितीत असतानाच ती कागदावर उतरवून घ्यावी, कारण तिच्याशिवाय डिस्कवरील माहिती कोणत्याही दुकानदाराला परत मिळवता येत नाही.