हेगच्या उन्हाळी वर्गाला जायचंय? कागद हिवाळ्यातच काढा

१७ जुलै २०१९ रोजी कुलभूषण जाधव प्रकरणाचा निकाल नेदरलँड्समधल्या हेग शहरात, आंतरराष्ट्रीय न्यायालय जिथे बसतं त्या पीस पॅलेसमध्ये लागला. भारताची बाजू मांडली होती नागपुरात वाढलेल्या हरीश साळवेंनी. त्याच आवारात हेग अकॅडमी ऑफ इंटरनॅशनल लॉ ही संस्था १९२३ पासून उन्हाळी वर्ग भरवते. देशादेशांमध्ये कायद्याचं राज्य कसं चालतं, कुठे अडतं, हे तिथे न्यायाधीश आणि प्राध्यापक शिकवतात.

वर्ग जुलै-ऑगस्टमध्ये भरतात. तीन आठवडे सार्वजनिक आंतरराष्ट्रीय कायदा, म्हणजे देशादेशांमधला; पुढचे तीन आठवडे खासगी, म्हणजे वेगवेगळ्या देशांतल्या व्यक्ती-कंपन्यांच्या वादांना कुठला कायदा लागतो तो. व्याख्यानं इंग्रजी किंवा फ्रेंचमध्ये होतात आणि सोबत भाषांतर ऐकू येतं, म्हणजे फ्रेंच येत नाही म्हणून अडत नाही. पण आंतरराष्ट्रीय कायदा आधी शिकलेला असावा. एलएल.बी.ला तो पेपर नुसता पास होण्यापुरता वाचला असेल, तर आधी पुस्तक पुन्हा उघडा. शेवटी हजेरीचं प्रमाणपत्र मिळतं. अकॅडमीचा डिप्लोमा ही वेगळी परीक्षा आहे, अतिशय कठीण. तो मनात धरून जाऊ नका.

अर्ज ऑनलाइन असतो आणि तो आदल्या हिवाळ्यातच भरायचा. शिष्यवृत्ती हवी असेल तर जास्तच घाई करा, कारण तिची मुदत नोंदणीच्या आधी संपते. शिवाय ती विमानाचं तिकीट देत नाही. ते पैसे वेगळे जमवावे लागतात.

पदवी, गुणपत्रिका, वकिलीची सनद, बायोडेटा, पासपोर्ट हे हाताशी ठेवा. शिफारसपत्र शक्यतो ज्यांनी तुम्हाला शिकवलंय त्या प्राध्यापकांचं घ्या. मोठ्या सिनियरचं ‘होतकरू व कष्टाळू’ छापाचं पत्र माझ्या मते फारसं उपयोगी पडत नाही. नावाकडे मात्र नीट बघा. आपल्या गुणपत्रिकांवर आडनाव आधी, कधी आईचं नाव शेवटी, सनदेवर माहेरचं आणि पासपोर्टवर सासरचं! अर्जात पासपोर्टवरचंच नाव लिहा आणि फरक असेल तर विवाह प्रमाणपत्र किंवा राजपत्राची प्रत जोडा.

प्रवेश मिळाल्यावर शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामाईक व्हिसा, अल्प मुदतीचा. तो प्रवासाच्या सहा महिने आधीपासून मागता येतो आणि पंधरा दिवस आधीपर्यंत अर्ज द्यावाच लागतो. शेवटच्या आठवड्यांवर ठेवू नका, सुट्टीच्या हंगामात अर्ज देण्याच्या वेळा भरलेल्या असतात. पासपोर्ट दहा वर्षांच्या आत काढलेला, परतीनंतर किमान तीन महिने चालणारा आणि दोन कोरी पानं असलेला हवा. प्रवास विमा किमान ३०,००० युरोचा. जोडीला प्रवेशपत्र, राहण्याची सोय, बँकेचे उतारे आणि आयकर विवरणपत्र. ज्युनियर वकिलाला पगाराची चिठ्ठी नसते, तेव्हा सनदेची प्रत आणि सिनियरच्या चेंबरमधून रजेचं पत्र द्या. बँकेत आदल्या आठवड्यात मामाकडून आलेली मोठी रक्कम दिसली तर शंका येते. खर्च घरचे करणार असतील तर तसं लेखी सांगा.

आणि एक अडचण खास आपली. आपल्या कोर्टांची उन्हाळी सुट्टी मे महिन्यात, हेगचा उन्हाळा जुलैत. तेव्हा इथे पावसात कोर्टाचा बोर्ड, म्हणजे खटल्यांची रोजची यादी, भरलेला असतो. म्हणून तारखा कोण बघणार, हे सिनियरशी जानेवारीतच बोलून घ्या.