इलेक्ट्रिक गिटारला कोणत्या तारा लावाल?

"दादा, इलेक्ट्रिकच्या तारा द्या." कोणत्या, असं विचारलं की बहुतेक वेळा उत्तर येतं, "साध्याच." मग काउंटरवर दहा मिनिटं जातात आणि मागे रांग लागते. म्हणून हे पत्रक. सेट घेण्याआधी वाचा, नंतर गिटारच्या केसमध्ये टाकून ठेवा.

आधी सगळ्यात जास्त होणारी चूक

मागच्या पावसाळ्यात एक कॉलेजचा मुलगा गिटार घेऊन आला. पिकअप गेलंय, बदलावं लागेल, असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. अँपला लावून पाहिलं, तर बारीक दोन तारा खणखणीत आणि जाड चार तारा शेजारच्या खोलीतून वाजल्यासारख्या. गिटार उजेडात धरली आणि कारण दिसलं: जाड तारांचा रंग तांबूस-सोनेरी. अकूस्टिक गिटारचा ब्राँझचा सेट लावला होता. पिकअप ठणठणीत होतं.

पिकअप म्हणजे लोहचुंबक आणि त्याभोवती बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. त्याला हवेतला आवाज कळत नाही, त्याला कळतं ते डोक्यावरचं पोलाद हललेलं. जाड तारेत आत पोलादी गाभा असतो आणि बाहेरून दुसऱ्या तारेचे वेढे. हे वेढे ब्राँझचे असले तर चुंबकाच्या दृष्टीने ते नसल्यासारखेच. मग तेवढी जाड तार असून पिकअपला नुसता बारीक गाभाच मिळतो. नायलॉनच्या तारांचा तर आवाजच येणार नाही. सेटवर 'इलेक्ट्रिक' किंवा 'निकेल' लिहिलेलं आहे ना, एवढं आधी बघा.

नऊचा, दहाचा, अकराचा

सेटचं नाव त्यातल्या सगळ्यात बारीक तारेवरून पडतं. आकडा इंचाच्या हजाराव्या भागात असतो. मशीन शॉपमध्ये काम केलेल्यांना 'थाऊ' सांगायला नको. दहाची तार म्हणजे दहा थाऊ, जवळपास पाव मिलिमीटर.

नेहमी खपणारे सेट दोन. एक ९ ते ४२, दुसरा १० ते ४६. एका थाऊनं काय होतंय, असं वाटतं, पण तारेचा ताण जाडीच्या वर्गाच्या पटीत वाढतो. साडेपंचवीस इंच स्केलच्या (स्केल म्हणजे तारेची वाजणारी लांबी) गिटारवर, म्हणजे फेंडरची स्ट्रॅटोकॅस्टर (स्ट्रॅट), टेलिकॅस्टर (टेली) आणि त्यांच्या नकला, नऊची पहिली तार साधारण ६ किलोनं ताणलेली असते, दहाची ७.४ किलोनं. सहाही तारा धरल्या तर नऊचा सेट मानेवर अंदाजे ३९ किलो ओढ देतो आणि दहाचा ४७. सिमेंटच्या गोणीला तीनच किलो कमी! एवढा भार ती लाकडी मान दिवसरात्र पेलत असते.

लेस पॉल जातीच्या गिटारचं स्केल पाऊण इंचानं लहान, पावणेपंचवीस. तिथं तोच सेट त्याच सुरात सुमारे सहा टक्के सैल लागतो. म्हणूनच स्ट्रॅटवर नऊ वाजवणारा माणूस लेस पॉल घेतल्यावर दहावर जातो आणि हाताला दोन्हींतला फरक कमी जाणवतो.

आमचा सल्ला विचाराल तर असा: शिकायला सुरुवात करताय, बोटं अजून दुखतात किंवा बेंड (तार बोटानं ओढून सूर वर नेणं) वर चढत नाही, तर नऊ. कॉर्ड आणि रिदम जास्त असेल, हात जड असेल, तार सुरापेक्षा वर जात असेल, तर दहा. अकराच्या वाटेला उगाच जाऊ नका. जाड तारेचाच टोन चांगला, हे आम्ही रोज ऐकतो. ब्लूज गिटारवादक स्टीव्ही रे वॉन तेराची तार लावायचा, हे खरं. पण तो गिटार अर्धा स्वर उतरवून वाजवायचा आणि त्याचे हात त्याचे होते. तिकडे झेडझेड टॉप या रॉक बँडचा बिली गिबन्स सातची तार लावतो, आणि त्याचा आवाज बारीक आहे असं अजून कुणी म्हटलेलं नाही.

बारीक तारांची गोष्टही गमतीची आहे. १९५०च्या दशकात अमेरिकेत इलेक्ट्रिकलाही जाड सेट येत, तिसरी तारसुद्धा वेढ्यांची. ती ओढून वर नेता येईना. काही वादकांनी मग पहिल्या तारेच्या जागी बँजोची तार लावली आणि बाकीच्या एकेक घर सरकवल्या, जाडीची सहावी फेकून दिली. पुढे कॅलिफोर्नियातल्या एर्नी बॉलनं असे बारीक सेट तयार करूनच विकायला काढले. (ही अमेरिकन बँजो. आपल्या मिरवणुकीतली बेंजो वेगळी. तिची तार गिटारला चालेल का, असं गणपतीत दरवर्षी कुणीतरी विचारतंच. जाडी जुळली तरी टोकाला गोळी नसते, त्यामुळे ती ब्रिजमध्ये (गिटारच्या अंगावर तारा जिथं अडकवतात तो भाग) अडकत नाही.)

सूर उतरवून वाजवत असाल तर

गायकाबरोबर साथ करणाऱ्यांसाठी हे महत्त्वाचं. गिटारची मोकळी पहिली आणि सहावी तार पांढरी तीनची. सगळी गिटार काळी दोनला उतरवली की ताण सुमारे ११ टक्क्यांनी कमी होतो, पांढरी दोनला उतरवली की २० टक्क्यांनी. तार लोंबते, फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) करकरते, जरा जोरात वाजवली की सूर हलतो. कायम पांढरी दोनलाच वाजवणार असाल तर अकराचा सेट घ्या. पहिली तार तिथं जवळपास तितकीच ताठ लागते जितकी दहाची मूळ सुरात. अकराची गरज पडते ती इथं. एखाद्या गाण्यापुरतं उतरवायचं असेल तर सेट बदलू नका.

वेढा कशाचा

पोलादावर निकेलचा थर दिलेला वेढा हा सगळीकडे चालणारा प्रकार. काही ठरलं नसेल तर हाच घ्या. शुद्ध निकेलचा आवाज मऊ, जुन्या वळणाचा. स्टेनलेसचा झगझगीत, आणि गंज कमी. पण तो कडक असतो, नेहमीचे फ्रेट त्यापुढे मऊ पडतात आणि लवकर झिजतात. सपाट वेढ्याच्या तारा जॅझवाल्यांसाठी. बोट सरकताना आवाज येत नाही, चमकही येत नाही.

रत्नागिरी, पणजी, मुंबईकडच्या ग्राहकांना आम्ही एलिक्सरसारख्या पातळ लेपाच्या तारा सुचवतो. किंमत जास्त आहे. पण खारी, दमट हवा आणि घामट हात एकत्र आले की साधा सेट काही आठवड्यांत काळा पडतो. तिथं लेप परवडतो. वाजवून झाल्यावर सुक्या सुती फडक्यानं प्रत्येक तार वरून आणि खालून पुसलीत, तर साधा सेटही बराच टिकतो. खालून पुसणं सगळे विसरतात.

तार कधी बदलायची? बोटाचं टोक तारेखालून फिरवा. फ्रेट जिथं लागतो तिथं खाच जाणवली, फडक्यावर काळा डाग आला, किंवा ट्युनर बरोबर दाखवत असूनही बाराव्या फ्रेटवरचा सूर चुकला, की वेळ झाली. एकच तार तुटली असेल आणि बाकीच्या जुन्या असतील तर पूर्ण सेटच घाला. पाच मळक्या तारांत एक नवी उठून वाजते आणि कानाला खुपते.

गेज (तारेची जाडी) बदललं की गिटार बदलते

नऊवरून दहावर गेलात की मानेवर आठ किलो वाढले. मान किंचित पुढे वाकते, तारा वर उठतात. स्ट्रॅटच्या हलत्या ब्रिजला मागे स्प्रिंग असतात. ओढ वाढली की त्या हरतात आणि ब्रिज मागच्या बाजूनं उचलला जातो. मग ट्रस रॉड (मानेच्या आतली सळई), स्प्रिंग आणि सॅडल (ब्रिजवरचे तारांचे टेकू) तिन्ही बघावे लागतात. नटची (मानेच्या वरच्या टोकाची खाचांची पट्टी) खाच नऊसाठी घासलेली असेल तर त्यात जाड तार अडकते. सूर लावताना 'टिक' असा आवाज येऊन सूर एकदम उडी मारतो, ते यामुळेच. तार थोडी वर काढून खाचेत पेन्सिलचं शिसं घासा. पुष्कळदा तेवढ्यानं भागतं. नाही भागलं तर खाच आम्ही फाईलनं रुंद करून देतो. घरी कानस लावू नका. खाच एकदा खोल गेली की नवाच नट घालावा लागतो.

सेट तोच ठेवून नवा लावत असाल तर यातलं फारसं काही लागत नाही. जाड तारेचे खुंटीवर दोन-तीन वेढे, बारीक तारेचे चार-पाच. लावल्यावर प्रत्येक तार मधोमध धरून हलकेच वर ओढा, सूर लावा, परत ओढा. उतरणं थांबेपर्यंत. डॅडारिओ कंपनीच्या सेटमध्ये पाकिटावर क्रमांक शोधू नका, टोकाच्या गोळीचा रंग बघा: पितळी जाड सहावी, मग लाल, काळा, हिरवा, जांभळा आणि चंदेरी पहिली. तारांची कापलेली टोकं केराच्या डब्यात टाका. अनवाणी पायाला ती बरोबर सापडते.

दुकानात येताना

जुन्या तारा काढून येऊ नका. फ्लॉइड रोज किंवा दुसरा तरंगता (स्प्रिंगवर तोललेला) ब्रिज असेल तर मुळीच नको. सगळ्या तारा एकदम काढल्या की ब्रिज आत कोसळतो आणि सेटिंग पुन्हा पहिल्यापासून करावं लागतं. कोणता सेट लावलाय ते आठवत नसलं तरी हरकत नाही, मायक्रोमीटर काउंटरवरच आहे. तार लावलेली असली की तिची जाडी मोजता येते आणि मान किती वाकली आहे, तेही त्याच वेळी दिसतं.