'मॅसी' नक्की कुणाचा? मल्लिका श्रीनिवासन यांच्या कारकिर्दीमागची गोष्ट

आपल्याकडे 'टाफेचा ट्रॅक्टर घेतला' असं कुणी म्हणत नाही, 'मॅसी घेतला' म्हणतात. फार तर १०३५ हा मॉडेलचा नंबर म्हणतील, नाहीतर 'इंजिन सिम्पसन कंपनीचं आहे बरं का' हे सांगतील. बनवणारी कंपनी टाफे, चेन्नईची, १९६० सालची, पण बॉनेटवरचं 'मॅसी फर्ग्युसन' हे नाव परदेशी, लायसन्सवर घेतलेलं, आणि पुढचा सगळा गुंता याच नावाचा.

टाफेच्या अध्यक्ष मल्लिकाबाई १९८६ मध्ये या घरच्याच कंपनीत आल्या तेव्हा उलाढाल ८५ कोटींच्या आसपास होती. २००५ मध्ये आयशरचा ट्रॅक्टर धंदा विकत घेतला आणि कंपनी देशात दुसऱ्या नंबरला गेली, माझ्या मते त्यांचा सगळ्यात शहाणा निर्णय हाच, कारण आयशर हे नाव स्वतःच्या मालकीचं झालं, भाड्याचं नाही. मध्ये पद्मश्री, मग २०२१ मध्ये सरकारी कंपन्यांचे बडे अधिकारी निवडणाऱ्या मंडळाचं अध्यक्षपद, खाजगी क्षेत्रातून तिथे गेलेल्या त्या पहिल्याच.

आता मूळ भानगड. मॅसी फर्ग्युसन हा ब्रँड १९९४ मध्ये एका अमेरिकन कंपनीने घेतला, म्हणजे इथल्या लायसन्सचा मालक बदलला. त्या कंपनीचे टाफेत २०.७ टक्के शेअर, आणि टाफेचे त्या कंपनीत साधारण १६ टक्के, म्हणजे सगळ्यात मोठे भागधारक हेच! बाई तिकडच्या संचालक मंडळावरही होत्या. मग तिकडचा कारभार नीट नाही असं टाफेने उघड म्हणायला सुरुवात केली आणि २०२४ मध्ये अमेरिकन बाजूने करारच संपवले. त्यांचं म्हणणं, ब्रँड आमचा. टाफेचं म्हणणं, साठ वर्षं इथे हे नाव आम्ही वाढवलं, गावोगावी डीलर आमचे, शेतकरी आमचा. कागदावर अमेरिकन बाजू जड वाटायची खरी, पण बांधावर उभं राहून बघितलं तर टाफेचं चुकीचं कसं म्हणणार?

प्रकरण कोर्टात गेलं आणि शेवटी जुलै २०२५ मध्ये तडजोड झाली. टाफेने २६ कोटी डॉलर मोजून अमेरिकन कंपनीकडचे स्वतःचे शेअर परत घेतले, आणि भारत, नेपाळ, भूतानपुरतं मॅसीचं नाव टाफेचं झालं. बाकी जगात ते अमेरिकन कंपनीचंच आहे, आणि त्या कंपनीतले आपले शेअर टाफेने सोडलेले नाहीत, फक्त ते आणखी वाढवायचे नाहीत असं ठरलंय.