स्तनाच्या शस्त्रक्रियेनंतर: आमच्याकडे येण्याआधी हे वाचा

ताई, स्तन काढलेल्या बायकांसाठी आम्ही कृत्रिम स्तन देतो आणि ब्लाउज शिवतो. स्तन काढल्यावर पंधरा दिवसांतच पुष्कळ जणी सिलिकॉनचा कृत्रिम स्तन मागायला येतात. आम्ही तो तेव्हा देत नाही. जखम नीट भरायला साधारण 6 ते 8 आठवडे लागतात, रेडिएशन असेल तर आणखी थांबावं लागतं. डॉक्टरांचा होकार मिळेपर्यंत हलका सुती पॅड पुरतो.

ड्रेनची नळी, म्हणजे जखमेतलं पाणी बाहेरच्या बाटलीत काढणारी नळी, बहुधा एक-दोन आठवडे राहते. रोज किती पाणी जमलं ते वहीत लिहा. ते दिवसाला 30 मिलीच्या आसपास उतरलं की बहुतेक सर्जन नळी काढतात. पुढून उघडणारा गाउन घाला. बाटलीसाठी आतून खिसा आम्ही शिवून देऊ. जखमेवर हळद किंवा तेल नको. ताप, लाली, पू, एकाएकी फुगवटा दिसला तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

भीतीने हात अंगाशी धरून ठेवला की खांदा आखडतो. फिजिओथेरपिस्ट सांगतील तसं बोटं भिंतीवर चढवत न्या, पोचाल तिथे पेन्सिलीने खूण करा. काखेतल्या गाठी (लसीकाग्रंथी) काढल्या असतील तर त्या हाताला वर्षांनंतरही सूज येऊ शकते. म्हणून त्या हातात दाबून बांगड्या भरू नका. अंगठी घट्ट वाटू लागली तरी डॉक्टरांना दाखवा.

पदर डाव्या खांद्यावर असल्याने डावी बाजू झाकली जाते. उजवी बाजू गेलेल्यांचा ब्लाउज जास्त काळजीने बेतावा लागतो. सिलिकॉनला वजन असतं, त्यामुळे खांदा एका बाजूला झुकत नाही. साडीची पिन मात्र त्याला टोचू देऊ नका. आणि काहीच घालायचं नसेल तर तेही अगदी योग्य. सपाट बाजूवर छान बसेल असा ब्लाउज आम्ही शिवतो.

काही जणींना नसलेल्या स्तनाला खाज सुटल्यासारखी वाटते. तो नसांचा परिणाम आहे, तुमच्या मनाचा खेळ नव्हे. रडू पुष्कळदा उपचार संपल्यावर येतं, घरचे ‘आता बरी झालीस’ म्हणू लागतात तेव्हा. झोप, भूक आठवडेच्या आठवडे उडाली तर डॉक्टरांना सांगा, समुपदेशकाकडे जा.

आमच्या मापाच्या खोलीत बाईच माप घेते. आरशावर पडदा आहे. तो कधी सरकवायचा, नवऱ्याला आत बोलवायचं की नाही, तुम्ही ठरवा. येताना नीट बसणारी जुनी ब्रा आणि आवडता ब्लाउज आणा.